सी भाषेतील ॲरे व पॉइंटर आणि मराठी पडद्याची मांडणी : बीड जिल्ह्यातील तालुक्यांच्या नावांच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

मराठवाड्यातील महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याची प्रोग्रामिंगशी पहिली ओळख बहुधा सी या भाषेतून होते. नागपूरचे यशवंत कानेटकर यांची 'लेट अस सी' आणि 'अंडरस्टँडिंग पॉइंटर्स इन सी' ही पुस्तके अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी हाताळली आहेत. तरीही पॉइंटर हा घटक आजही अवघड मानला जातो. त्यामागील एक कारण असे की तो बहुतेक वेळा पूर्णांकांच्या छोट्या उदाहरणांतून शिकवला जातो. दोन संख्यांची अदलाबदल केली की धडा संपतो. पॉइंटर आणि ॲरे यांतील भेदाची किंमत प्रत्यक्षात मोजावी लागते ती पडद्यावर खिडक्या, बटणे आणि याद्या मांडताना. पडद्यावरील मजकूर मराठी असेल तर ती किंमत आणखी वाढते.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या नोंदणीसाठी एखादा साधा प्रोग्राम लिहायचा झाल्यास त्यात 'मूळ तालुका' असा एक रकाना असणारच. जिल्ह्यात ११ तालुके आहेत : बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी, पाटोदा, शिरूर कासार आणि आष्टी. ही ११ नावे याच क्रमाने सी भाषेत साठवणे आणि पडद्यावर योग्य जागी दाखवणे, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे. प्रश्न लहान वाटतो, परंतु एका कागदावरचा तालुका दुसऱ्या कागदावरच्या तालुक्याशी जुळला नाही तर त्याचा त्रास मजुरालाच सोसावा लागतो.

ॲरे आणि पॉइंटर : नात्याचा उगम

ॲरे म्हणजे एकाच प्रकारच्या घटकांची स्मृतीतील सलग रांग. पॉइंटर म्हणजे स्मृतीतील पत्ता धारण करणारे चल. 'नावे[३]' ही लेखनपद्धती सी भाषेत '*(नावे + ३)' याच अर्थाची आहे. रांगेच्या आरंभापासून तीन घटक पुढे जावे आणि तेथील वस्तू घ्यावी, असा तिचा अर्थ. या समानतेमुळे ॲरे आणि पॉइंटर एकच आहेत असा समज पसरतो, आणि तो चुकीचा आहे.

भाषेचे निर्माते डेनिस रिची यांनी १९९३ मध्ये सी भाषेच्या विकासाचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात या गुंतागुंतीचा उगम सापडतो. सी च्या आधीच्या बी या भाषेत ॲरे जाहीर केला की रांगेबरोबरच तिचा पत्ता धरणारी एक वेगळी पेशीही तयार होत असे. युनिक्समधील निर्देशिकेची नोंद सी मध्ये रचनेच्या रूपाने मांडताना रिची यांना अडचण आली. ती नोंद म्हणजे एक पूर्णांक आणि १४ बाइटांचे नाव. डिस्कवरून वाचलेल्या नोंदीत हे दोनच घटक असतात. मग पत्त्याची ती पेशी ठेवायची कोठे? रिची यांनी ती पेशीच काढून टाकली. ॲरेचे नाव पदावलीत वापरले जाते त्या क्षणी त्याचे पहिल्या घटकाच्या पत्त्यात रूपांतर व्हावे, असा नियम त्यांनी केला. म्हणजे ॲरे ही जागा आहे आणि पॉइंटर हा त्या जागेचा पत्ता आहे. पत्ता मागितला की तत्काळ मिळतो, पण तो कोठेही साठवलेला नसतो.

त्या १४ बाइटांच्या नावाकडे पुन्हा वळण्याचे कारण आहे. आज मराठी मजकूर प्रामुख्याने युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीने साठवला जातो आणि तीत देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट घेतो. वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हेही स्वतंत्र संकेत आहेत. त्यामुळे १४ बाइटांत ४ संकेतच पूर्ण मावतात. बीड जिल्ह्याच्या ११ तालुक्यांपैकी बीड, केज आणि परळी ही तीनच नावे त्या जागेत बसतील.

द्विमितीय ॲरे : पंधरा बाइटांचा हिशेब

नावे साठवण्याचा पहिला मार्ग म्हणजे अक्षरांचा द्विमितीय ॲरे. विद्यार्थी आधी इंग्रजी नावे टाकून पाहतो. इंग्रजीत शिरूर कासार या सर्वांत लांब नावाला जागेसह १२ बाइट लागतात आणि शेवटच्या शून्यासाठी आणखी एक. म्हणून प्रत्येक नावाला १५ बाइट दिले जातात आणि प्रोग्राम बिनतक्रार चालतो. पुढे कोणीतरी मराठीची मागणी करतो आणि त्याच ॲरेत मराठी नावे भरली जातात.

वडवणी, धारूर आणि आष्टी या प्रत्येक नावात ५ संकेत, म्हणजे नेमके १५ बाइट आहेत. सी च्या नियमांनुसार नाव जागेत तंतोतंत बसत असेल आणि केवळ शेवटचे शून्य मावत नसेल तर ते वगळण्यास मुभा आहे. बहुतेक वेळा त्याबद्दल इशाराही मिळत नाही. गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई, पाटोदा आणि शिरूर कासार ही नावे १५ बाइटांहून मोठी असल्याने कंपायलर इशारा देतो, पण नावे छाटून पुढे जातो. एकूण ८ नावांच्या अखेरीस शून्य उरत नाही.

आता छापणाऱ्या फंक्शनला 'नावे[३]' दिले तर काय घडते? भाषेच्या दृष्टीने हे वर्तन अपरिभाषित आहे. प्रत्यक्षात मात्र बहुधा शून्य भेटेपर्यंत वाचन चालू राहते. वडवणीला शून्य नाही, त्यालगतच्या धारूरलाही नाही, म्हणून पडद्यावर 'वडवणीधारूरकेज' असा शब्द उमटतो. केज हे नाव ९ बाइटांचे असल्याने तेथे शून्य आहे आणि वाचन थांबते. 'नावे[६]' मागितल्यास 'अंबाजपरळी' मिळते. शेवटच्या आष्टीनंतर तर ॲरेच संपतो आणि वाचन परक्या स्मृतीत शिरते.

असे विचित्र शब्द दिसले तर चूक निदान लक्षात येते. खरा धोका वेगळा आहे. शिरूर कासार हे नाव १५ बाइटांवर छाटले की 'शिरूर' एवढेच उरते, आणि शिरूर नावाचा तालुका पुणे जिल्ह्यात आहे. पुढच्या घराचे शून्य कोणी सुधारून घातले, तर पडद्यावर स्वच्छ, शुद्ध आणि पूर्णपणे चुकीचे नाव दिसेल. कोणाही तपासनीसाला ते खटकणार नाही.

जागा वाढवून ३२ बाइट केली तर सर्व नावे बसतात, कारण सर्वांत लांब नाव ३१ बाइटांचे आहे. एकूण ३५२ बाइट लागतात आणि 'नावे[६]' आरंभापासून १९२ बाइटांवर सापडते. हा उपाय चालतो, पण उद्या तालुक्यांऐवजी गावांची नावे आली की पुन्हा तोच हिशेब करावा लागतो.

पॉइंटरांचा ॲरे

दुसरा मार्ग म्हणजे ११ पॉइंटरांचा ॲरे. प्रत्येक पॉइंटर आपल्या नावाच्या पहिल्या बाइटाचा पत्ता धरतो. नाव स्वतः स्मृतीत अन्यत्र, स्वतःला लागेल तेवढीच जागा व्यापून राहते. शेवटच्या शून्यांसह ११ नावांना २०१ बाइट लागतात. ६४ बिटांच्या यंत्रावर पॉइंटरांसाठी ८८ बाइट, म्हणजे एकूण २८९. पाठ्यपुस्तकांत या पद्धतीचे समर्थन स्मृतीच्या बचतीवरून केले जाते, परंतु येथे वाचलेले ६३ बाइट आजच्या काळात नगण्य आहेत. तिचा खरा लाभ हा की लांबीची कोणतीही कमाल मर्यादा आधी ठरवावी लागत नाही, म्हणून नाव छाटले जात नाही.

या पद्धतीची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. अवतरणचिन्हांत लिहिलेला मजकूर बदलता येत नाही, असे गृहीत धरावे लागते. बदलण्याचा प्रयत्न केल्यास प्रोग्राम बहुधा कोसळतो. म्हणून असे पॉइंटर स्थिर मजकुराचे म्हणून जाहीर करणे इष्ट, म्हणजे चूक चालवताना नव्हे तर संकलनाच्या वेळीच पकडली जाते.

लांबी, अक्षरे आणि रुंदी

टर्बो सी च्या काळात पडदा हाच एक ॲरे होता. मजकूर अवस्थेत ८० स्तंभ आणि २५ ओळी, प्रत्येक घरास २ बाइट, एक अक्षराचा व एक रंगाचा, असे ४००० बाइट ठरावीक पत्त्यापासून सुरू होत. त्या पत्त्यावर पॉइंटर रोखून थेट लेखन करता येई. 'र' ओळीतील 'स' स्तंभाचे स्थान २ × (८० × र + स) या सूत्राने मिळे. पॉइंटर आणि पडदा यांचे नाते इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. त्या पडद्यावर एक बाइट म्हणजे एक अक्षर आणि एक अक्षर म्हणजे एक स्तंभ होता. म्हणून शीर्षक मध्यभागी आणण्यासाठी ८० मधून स्ट्रलेनचे उत्तर वजा करून दोनने भागले की काम भागत असे.

ती सवय मात्र टिकून राहिली आणि मराठी मांडणीतील दोष तिच्यातूनच उद्भवतात. स्ट्रलेन बाइट मोजते. आष्टी, धारूर आणि वडवणी या तिन्ही नावांसाठी तिचे उत्तर १५ असे एकच येते. परंतु वाचणाऱ्याच्या दृष्टीने आष्टीत दोन अक्षरे आहेत, धारूरमध्ये तीन आणि वडवणीत चार. पडद्यावरील त्यांची रुंदी या दोन्हींपैकी कोणत्याही आकड्यावरून ठरत नाही. ष आणि ट यांचे जोडाक्षर कसे बांधायचे हे फॉन्ट ठरवतो, आणि वेलांटी अक्षराशेजारी किती जागा घेईल हेही तोच ठरवतो. बाइटांची संख्या, अक्षरांची संख्या आणि पिक्सेलमधील रुंदी या तीन स्वतंत्र राशी आहेत. इंग्रजीतील समान रुंदीच्या टंकात त्या योगायोगाने एक झाल्या होत्या. युनिकोडपूर्वीच्या १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकात देवनागरीचा संकेत एका बाइटाचा होता, म्हणजे आष्टीला ५ बाइट लागत. पण तेथेही बाइट आणि अक्षर एक नव्हतेच.

मग रुंदी कळावी कशी? ती मोजावी लागते. टर्बो सी च्या ग्राफिक्स संचातही मजकुराची पिक्सेलमधील रुंदी सांगणारे फंक्शन होते, मात्र वर्गात त्याचा वापर फारसा शिकवला जात नसे. आज सी मध्येच लिहिलेल्या जीटीके या साधनसंचात हे काम पँगो करते. 'पॅन' हा ग्रीक शब्द म्हणजे सर्व आणि 'गो' हा जपानी शब्द म्हणजे भाषा, यांतून हे नाव बनले आहे. पँगोला मजकुराचा पॉइंटर आणि फॉन्ट दिला की ते जोडाक्षरे बांधून त्या मजकुराचा आयत परत करते. ती एकके उपकरणाच्या एककाच्या १०२४ व्या भागात असतात, म्हणून पिक्सेलसाठी भागाकार करावा लागतो. जागा अपुरी असेल तर अक्षराच्या सीमेवर मजकूर तोडून टिंबे देण्याची सोयही तेथे आहे. बाइटांवर तोडल्यास काय होते ते आष्टीवरच पाहता येते : १४ बाइटांवर तोडले तर शेवटचा संकेत अर्धवट राहून मजकूर अवैध ठरतो, १२ वर तोडले तर 'आष्ट' उरते, आणि ९ वर तोडले तर पाय मोडलेला ष.

जाळीची मांडणी

११ नावांची बटणे तीन स्तंभांच्या जाळीत बसवायची असतील, तर ॲरेतील क्रमांकाला ३ ने भागून येणारा भागाकार म्हणजे ओळ आणि बाकी म्हणजे स्तंभ. क्रमांक १० वरील आष्टी तिसऱ्या ओळीत, पहिल्या स्तंभात जाते (मोजणी शून्यापासून), आणि तिच्या उजवीकडचे एक घर रिकामे राहते. द्विमितीय ॲरे स्मृतीत ओळीनुसार सलग ठेवण्याचा जो नियम आहे त्याचाच हा व्यत्यास होय.

स्तंभाची रुंदी मात्र स्मृतीतील घराप्रमाणे एकसारखी नसते. या मांडणीत पहिल्या स्तंभात बीड, वडवणी, अंबाजोगाई आणि शिरूर कासार येतात, म्हणून त्याची रुंदी शिरूर कासार ठरवील. शेवटच्या स्तंभात माजलगाव, केज आणि पाटोदा आहेत. आधुनिक साधनसंच हे काम दोन फेऱ्यांत करतात. पहिल्या फेरीत प्रत्येक विजेटला त्याची किमान आणि स्वाभाविक रुंदी विचारली जाते, दुसऱ्या फेरीत उपलब्ध जागेचे वाटप होते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पासोडीवर पंचीकरणाचा विषय अक्षरे आणि आकृत्या यांसह मांडला, तेव्हा कापडाची रुंदी ठरलेली होती आणि मजकूर तिच्यात बसवायचा होता. पडद्यावर खिडकीची रुंदी वापरणारा केव्हाही बदलतो. म्हणून स्थाने पिक्सेलमध्ये लिहून ठेवणे, हा टर्बो सी चा आणखी एक वारसा, टाळलेलाच बरा.

यादी फंक्शनकडे सोपवताना

तालुक्यांची यादी तयार करणारे फंक्शन वेगळे लिहिले की एक परिचित प्रमाद घडतो. जेथे ॲरे जाहीर केला तेथे संपूर्ण ॲरेच्या साइझऑफला एका घटकाच्या साइझऑफने भागले तर ८८ भागिले ८, म्हणजे ११ हे बरोबर उत्तर मिळते. तोच भागाकार फंक्शनच्या आत केला तर उत्तर १ येते. फंक्शनकडे ॲरे जातच नाही, त्याच्या पहिल्या घटकाचा पत्ता जातो, आणि त्या पत्त्याचा आकार ८ बाइट असतो. परिणामी यादीत केवळ 'बीड' दिसते आणि उरलेले दहा तालुके गायब होतात. विद्यार्थी बराच वेळ विजेटमध्ये दोष शोधत राहतो.

यावर दोन उपाय आहेत. संख्या स्वतंत्रपणे द्यावी, किंवा ॲरेच्या शेवटी बाराव्या घरात रिक्त पॉइंटर ठेवावा. २०२० मध्ये आलेल्या जीटीके ४ मधील उतरती यादी मजकुरांच्या ॲरेपासून तयार करणारे फंक्शन दुसरी पद्धत अपेक्षित धरते. रिक्त पॉइंटर विसरला गेल्यास ते ॲरेच्या पलीकडे वाचत जाते, म्हणजे वडवणी-धारूरचीच कथा एका पातळीवर वर घडते.

याच ठिकाणी द्विमितीय ॲरे दिला तर प्रकरण अधिक बिघडते. त्याचे रूपांतर 'पॉइंटरचा पॉइंटर' यात होत नाही, '३२ बाइटांच्या ॲरेचा पॉइंटर' यात होते. कंपायलरचा इशारा दुर्लक्षून किंवा बळाने प्रकार बदलून तो दिला, तर 'बीड' या नावाचे पहिले ८ बाइट हाच एक पत्ता मानला जातो आणि प्रोग्राम त्या नसलेल्या पत्त्याकडे धावतो.

बटण दाबेपर्यंत स्मृती टिकते काय?

पडद्यावरील प्रोग्रामचे एक वेगळेपण असे की मांडणी करणारे फंक्शन संपून जाते आणि बटण दाबण्याची घटना नंतर केव्हातरी घडते. जीटीकेमध्ये बटणाला घटनेसोबत द्यायचा पॉइंटर जोडता येतो. लेबलला दिलेल्या मजकुराची प्रत साधनसंच स्वतः काढून ठेवतो, पण या पॉइंटरच्या मागील माहितीची प्रत काढली जात नाही. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही.

त्यामुळे ११ बटणे करणाऱ्या आवर्तनात प्रत्येक बटणाला गणक चलाचाच पत्ता दिला, तर सर्व बटणांकडे एकच पत्ता जातो. आवर्तन संपते तेव्हा गणकात ११ असतो. गेवराई दाबा किंवा केज, प्रोग्राम 'नावे[११]' शोधतो, आणि असे घर यादीत नाहीच. गणक ज्या फंक्शनमध्ये होता ते संपले असेल, तर त्या पत्त्यावर काय सापडेल हेही सांगता येत नाही. योग्य रीत म्हणजे कायम टिकणाऱ्या ॲरेतील संबंधित घटकाचा पत्ता देणे. परंतु तो ॲरे रीॲलॉक करून वाढवला जात असेल, उदाहरणार्थ नवी गावे जोडली जात असतील, तर संपूर्ण ॲरे नव्या जागी हलू शकतो आणि बटणांकडील जुने पत्ते निरर्थक होतात. अशा वेळी प्रत्येक नोंदीसाठी स्वतंत्र स्मृती घेऊन ॲरेत केवळ पॉइंटर ठेवावेत. ॲरे हलला तरी नोंदी जागच्या जागी राहतात.

भाषा बदलताना

एकच प्रोग्राम इंग्रजीत आणि मराठीत चालावा यासाठी गेटटेक्स्ट ही सुविधा वापरली जाते. तिला मूळ मजकूर दिला की ती भाषांतराचा पॉइंटर परत करते. पॉइंटरांच्या ॲरेत तो थेट ठेवता येतो, तर द्विमितीय ॲरेत प्रत काढावी लागते आणि घराच्या मापाचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. मात्र स्थायी ॲरेच्या आरंभीच्या किमती संकलनाच्या वेळी ठाऊक असाव्या लागतात, म्हणून तेथे फंक्शनची हाक देता येत नाही. प्रचलित रीत अशी की ॲरेत मूळ मजकूर केवळ 'भाषांतरयोग्य' म्हणून खूण करून ठेवायचा आणि भाषांतराची हाक पडद्यावर लेबल लावण्याच्या क्षणी द्यायची. त्या क्षणीच रुंदीही पुन्हा मोजली जाते. परत आलेला पॉइंटर गेटटेक्स्टच्या ताब्यातील स्मृतीचा असतो. त्यातील मजकूर बदलू नये आणि ती स्मृती मुक्तही करू नये.